गड विकत मिळतो, घेरा मिळत नाही

काष्टीच्या बाजारात बैलाची पारख करणारा शेतकरी कधी घाई करीत नाही. तो प्रथम जनावराचे तोंड उघडून दात पाहतो. बैल दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे, हे त्याला एका नजरेत कळते. मग तो खूर तपासतो, खांदा चाचपतो, वशिंडावरून हात फिरवतो आणि शेवटी बैलाला दहा पावले चालवून त्याची चाल निरखतो. एवढे झाल्यावर कोठे उपरण्याखाली बोटे धरून सौद्याला आरंभ होतो. श्रीगोंदा तालुक्यातील या गावी दर शनिवारी भरणारा जनावरांचा बाजार म्हणजे पारखीचे एक खुले विद्यापीठच आहे. हेड्याच्या गोड बोलण्याला न भुलता जनावर खरोखर किती काम करील, याचा अंदाज बांधण्याची विद्या येथे बापाकडून मुलाकडे जाते.

परंतु हाच शेतकरी दिवाळीच्या तोंडावर मुलासाठी खेळणे घ्यावयास उभा राहिला म्हणजे त्याची सारी पारख कोठे लुप्त होते? तेथे तो खोक्यावरचे रंगीत चित्र पाहतो, किंमत विचारतो, थोडी घासाघीस करतो आणि पैसे मोजतो. तालुक्याच्या पेठेतील दुकानात आणि आता हातातल्या मोबाइलवरही हे खोके त्याच्यापुढे मांडले जाते. त्या खोक्यात एक तयार किल्ला असतो. खेळण्याचे दात कोणी पाहत नाही. त्याची चाल कोणी तपासत नाही. बैल चार-सहा वर्षे शेतात राबणार असतो, म्हणून त्याची परीक्षा कसोशीने होते. खेळणे मात्र मुलाच्या मनात आयुष्यभर राबणार असूनही परीक्षेविना घरात शिरते. म्हणून या खोक्यातील किल्ल्याची काष्टीच्या रीतीने एकदा पारख होणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत वस्तू म्हणजे युरोपातील मध्ययुगीन किल्ल्याची प्लास्टिकची प्रतिकृती होय. तिला बिजागऱ्यांवर उघडणाऱ्या भिंती असतात, साखळीने वरखाली होणारा पूल असतो, दगड भिरकावणारे यंत्र असते, एखादा चोरदरवाजा आणि तळघरात अंधारकोठडी असते. सोबत बोटभर किंवा वीतभर उंचीचे योद्धे येतात. त्यांचे खांदे-कोपरे वळतात, मुठीत तलवार बसते. न्यायाने बोलावयाचे तर या वस्तूत काही गुण आहेत. पूल उचलताना मुलाला दोरीचा व तरफेचा धडा आपोआप मिळतो. दगडफेकीच्या यंत्राने वजन आणि अंतर यांचे नाते त्याच्या ध्यानी येते. भिंत उघडली की आतील दालने दिसतात आणि गोष्ट रचण्यास जागा मिळते. कारागिरी सुबक असते. जे चांगले आहे ते चांगले म्हणावे. प्रश्न पुढे आहे.

या वस्तूचा जन्म मुलाच्या गरजेतून झाला की विक्रेत्याच्या? इतिहास याचे उत्तर स्पष्ट देतो. १९६४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने मुलांसाठी एक सैनिकाची बाहुली बाजारात आणली. मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीने तिला बाहुली न म्हणता ‘ॲक्शन फिगर’ असे नवे नाव देण्यात आले. बाहुली मुलीची आणि ॲक्शन मुलाची, ही वाटणी अशी दुकानाच्या फळीवर पक्की झाली. १९८२ साली मॅटेल या कंपनीने आपल्या ही-मॅन नामक पराक्रमी पुतळ्यासाठी ‘कॅसल ग्रेस्कल’ हा कवटीच्या तोंडाचा किल्ला विकण्यास काढला. त्याचा जबडा म्हणजे पूल आणि त्याच्या सिंहासनाखाली चोरदरवाजा. पुढच्याच वर्षी त्याच पुतळ्यांची चित्रमालिका अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली. आधी खेळणे आणि मागाहून त्याची कथा, असा हा उलटा क्रम होता. कथा ही जाहिरात झाली आणि मूल हे गिऱ्हाईक झाले.

या व्यापाराचे गमक असे की किल्ला कधी पुरा विकावयाचाच नाही. किल्ला घेतला की त्यात सैनिक अपुरे पडतात. सैनिक आणले की शत्रू हवा. शत्रू आला की त्याला घोडा हवा, आणि घोडा आला की नव्या हंगामातील नवा किल्ला दुकानात झळकतोच. प्रत्येक खोक्यावर पुढच्या खोक्याचे चित्र असते. शेतकऱ्याने असा बैल घेतला की ज्याला दर महिन्याला नवे शिंग विकत आणून लावावे लागते, तर काष्टीचा बाजार त्याला हसेल. मुलाच्या बाबतीत तोच व्यवहार प्रेम म्हणून खपतो.

कोणी म्हणेल की हे परदेशी खेळण्याचे पाप आहे, स्वदेशी किल्ला घ्या म्हणजे झाले. हा युक्तिवाद तपासून पाहण्याजोगा आहे. ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाला. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, सिंधुदुर्ग यांसह ११ किल्ले महाराष्ट्रातील आणि एक तामिळनाडूतील जिंजी. हा गौरव न्याय्यच होता. परंतु तयार किल्ल्याचा धंदा आपल्याकडे त्याआधीच बस्तान बसवून होता. प्लास्टर ऑफ पॅरिसचा किंवा फायबरचा, बुरुज-दरवाजासह रंगवलेला, पिशवीत घालून घरी न्यावयाचा आणि दिवाळीत अंगणात मांडावयाचा शिवकालीन गड आता शहरांतून निमशहरांत आणि तेथून खेड्यांत उतरला आहे. त्यावर भगवा असतो म्हणून तो कॅसल ग्रेस्कलहून निराळा ठरत नाही. मुलाने त्यात काय केले? काहीच नाही. त्याने तो उचलून ठेवला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्यापुरतेही काम त्याच्या बोटांना उरले नाही. स्वदेशीचा खरा अर्थ स्वतःच्या हाताशी निगडित आहे, केवळ शिक्क्याशी नव्हे. खादीची चळवळ ज्या देशाने पाहिली त्या देशाला हे नव्याने सांगावे लागावे, हेच दुर्दैव आहे.

तयार गडाची तुलना ज्याच्याशी करावयाची तो मातीचा किल्ला या मुलखातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. सहामाही परीक्षा संपली की मुले माती शोधावयास निघतात. काळी माती चिकट खरी, पण वाळली की तिला भेगा पडतात, मुरूम ढासळतो, लाल माती आणावी तर लांबून आणावी लागते. कोणती माती कोणत्या कामाची, हा भूगोलाचा पहिला धडा पाटीशिवाय शिकला जातो. विटा, दगड, मोडके घमेले आणि फाटके पोते यांचा सांगाडा रचून त्यावर चिखल थापला जातो. उतार फार उभा केला तर रात्रीत खाली येतो आणि सकाळी पुन्हा आरंभ करावा लागतो. बुरुजाला खापरी, भुयाराला पोकळ नळी, तळ्याला वाटी. वाटी गळते, मग तिला मेण लावण्याची युक्ती कोणी तरी काढतो. पायऱ्या जुन्या पट्टीने पाडल्या जातात. शेवटी पायथ्याला हळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी शिंपडले की चार-पाच दिवसांत हिरवळ डोके वर काढते.

या किल्ल्याचे बांधकाम एकट्याच्याने होत नाही. माती आणणारा एक, चिखल तुडवणारा दुसरा, बुरुजावर अडून बसणारा तिसरा. भांडण होते, समेट होतो, कामाची वाटणी ठरते. सहकार हा शब्द ज्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या कमानींवर मोठ्या अक्षरांत लिहिला जातो, त्या जिल्ह्यात त्याचा अर्थ पहिल्यांदा मुलांच्या हाताला चिखलात कळत असे. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खेळण्यांवर एक छोटा निबंध लिहिला. तयार खेळणी मुलाला केवळ मालक आणि वापरकर्ता बनवतात, निर्माता होऊ देत नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. पॅरिसमध्ये बसून जे त्यांनी निबंधात मांडले, ते श्रीगोंद्यातील पोराला चिखलाने बरबटलेले हात सांगत होते.

परंतु मातीच्या किल्ल्याचे सर्वांत मोठे शहाणपण त्याच्या बांधणीत नाही, ते त्याच्या पायथ्याशी आहे. कुंभाराकडून आणलेली चित्रे आठवावीत. शिखरावर सिंहासनाधिष्ठित महाराज, दरवाजात भालदार, तटावर मावळे. आणि खाली? खाली डोक्यावर घागर घेतलेली बाई, जात्यावर बसलेली बाई, मेंढरे राखणारा धनगर, बैलगाडी, नांगर धरलेला कुणबी, भाजी विकणारी, वाणी, कोंबड्या. कोंबडी हत्तीएवढी असेल आणि गाडीवान बुरुजाहून उंच असेल. प्रमाणाचा दोष कबूल. तथापि माणसांचा हिशेब अचूक होता. गड उभा राहतो तो कोणाच्या अन्नावर आणि कोणाच्या पाण्यावर, याची कबुली त्या बेढब चित्रांत होती. खोक्यातील किल्ल्यात ती नाही. तेथे चिलखत आहे, पण लोहार नाही. मेजवानीचे टेबल आहे, पण धान्य पिकवणारा नाही. घोडा आहे, पण त्याचे दाणापाणी करणारा मोतद्दार नाही. कॅसल ग्रेस्कलच्या पुढे एकही शेत नव्हते.

खरा गड असा कधीच नव्हता. मराठी राज्यव्यवहारात गडाच्या पायथ्याच्या वस्तीला ‘घेरा’ म्हणत. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर, घेरा रसाळगड ही गावांची नावे आजही नकाशावर आहेत. या घेऱ्यात रामोशी, महार, कोळी, बेरड अशा जमातींची माणसे राहत. रात्रीची गस्त त्यांची, वाटांची राखण त्यांची, लाकूडफाटा वाहणे त्यांचे. बुरुजावरच्या सरदाराचे नाव बखरीत येते, घेऱ्यातल्या पहारेकऱ्याचे येत नाही. पन्हाळ्यावरील अंबरखान्याच्या तीन प्रचंड इमारती पाहाव्यात. किल्ला तोफांच्या आधी धान्याने लढतो, हे त्या दगडी भिंती सांगतात. ते धान्य ज्यांनी पिकवले, मळले आणि गडावर वाहून नेले, त्यांचाही त्या विजयांत वाटा होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्ग हेच राज्याचे सार म्हणून वर्णिले आहेत. आणि त्याच आज्ञापत्रात रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली आंबा-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत, अशी ताकीद आहे. गडाचा विचार आणि रयतेच्या झाडाचा विचार एकाच ग्रंथात होतो. तयार गडाच्या निर्मात्याला हे झाड कधी दिसले नाही.

काष्टीच्या मुलाला हे समजून घेण्यासाठी फार लांब जावयास नको. याच तालुक्यात भीमेच्या काठी पेडगावचा भुईकोट आहे. मोगलांचा सरदार बहादूरखान कोकलताश याच्या नावावरून तो बहादूरगड झाला. आज तो धर्मवीरगड या नावानेही ओळखला जातो. १६८९ साली संगमेश्वरी पकडले गेलेले छत्रपती संभाजी महाराज येथेच औरंगजेबापुढे आणले गेले. त्या तटाच्या आत मोगलांहून कितीतरी जुनी, यादवकाळची कोरीव मंदिरे आहेत. नदीचे पाणी वर उचलून आत खेळवण्यासाठी बांधलेल्या मोटेचे अवशेष आहेत. त्या मोटेपाशी मुलाला उभे करावे आणि एवढेच विचारावे, की पाणी कोणी ओढले? या एका प्रश्नाने खोक्यातील शंभर योद्ध्यांहून अधिक इतिहास त्याच्या पदरी पडेल.

पेडगावचा आणखी एक धडा आहे, आणि आजच्या काळात तो अधिक मोलाचा आहे. खोक्यातील किल्ल्याबरोबर शत्रूही तयार मिळतो. त्याचा चेहरा हिरवा-निळा आणि विद्रूप असतो. तो जन्मतः दुष्ट असतो, आणि मुलाने त्याला मारावयाचे एवढेच शिल्लक असते. हा आयता शत्रू केवळ खेळण्यात राहत नाही. मोठेपणी त्याच मुलाला कोणी दुसरा आयता शत्रू आणून देतो, आणि ते निमूटपणे तो स्वीकारते. इतिहासातील गड मात्र अशा खोक्यांत मावत नाहीत. मोगलांनी नाव दिलेल्या कोटात यादवांची मंदिरे उभी असतात. अहमदनगरचा किल्ला निजामशहांचा. १५९५-९६च्या वेढ्यात मोगलांविरुद्ध तो लढवला चांदबिबीने. त्याच निजामशाहीच्या चाकरीत मालोजीराजे आणि शहाजीराजे होते, आणि त्याच निजामशाहीची धुरा हबशी गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरने वाहिली. यांतला कोण कोणत्या रंगाच्या खोक्यात घालावयाचा? आणि अंधारकोठडी म्हणाल, तर याच किल्ल्यात १९४२च्या ऑगस्टपासून ब्रिटिशांनी जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल आणि समाजवादी विचारवंत आचार्य नरेंद्र देव यांना बंदिवान केले. नेहरूंचा भारताच्या शोधावरील ग्रंथ तेथे लिहिला गेला. खेळण्यातील कोठडीत राक्षस असतो. आपल्या किल्ल्यातील कोठडीत देशाचे भवितव्य बसून लिहीत होते. कोठडीत घातलेला तो दुष्टच असतो, हे मुलाला शिकवणारे खेळणे नागरिक घडवीत नाही, शिपाई घडवते.

आता या वस्तूच्या दातांकडे वळावे, म्हणजे ती कोठून आली आणि कोणाच्या कष्टातून आली, ते पाहावे. १० मे १९९३ रोजी थायलंडमधील केडर या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. दरवाजे कुलूपबंद होते, इमारत कोसळली आणि १८८ कामगार मरण पावले. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात चीनमधील शेंझेन येथे झिली कारखान्याच्या आगीत ८०हून अधिक कामगार, त्याही बहुतांशी खेड्यांतून आलेल्या मुलीच, अशाच बंद दारांआड जळून गेल्या. श्रीमंत देशांतील मुलांच्या सणासाठी त्या खेळणी बनवीत होत्या. ज्या किल्ल्याच्या दारांतून प्लास्टिकचा राजपुत्र सहज निसटतो, तशा खेळण्यांच्या कारखान्याची दारे मात्र कामगारांसाठी बंद असावीत, यासारखा विदारक उपरोध शोधून सापडणार नाही.

भारत सरकारने २०२० साली खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ साली ते ७० टक्क्यांवर नेले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. मुलांच्या तोंडात विषारी रंग जाऊ नये, हा हेतू रास्तच आहे. परंतु अशा संरक्षणाचा लाभ कोणाला होतो? साचे आणि यंत्रे ज्यांच्यापाशी आहेत त्या कारखानदाराला तो प्रथम होतो. हस्तकारागिरांना मानकातून सूट आहे, ती नोंदणी असलेल्यांना. दिवाळीपुरती मावळ्यांची आणि गवळणींची चित्रे करणारा गावचा कुंभार त्या नोंदवहीत कितीदा आढळेल? आणि आढळला तरी साच्यातून हजारोंनी बाहेर पडणाऱ्या प्लास्टिकच्या मावळ्याशी तो किमतीत टक्कर कशी देणार? भिंत उंच झाली, पण तिच्या आत कुंभाराला जागा मिळाली नाही. येथेही पुन्हा घेराच बाहेर राहिला.

या विवेचनावर तीन आक्षेप येतील, आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप असा की हा गतकाळाचा गहिवर आहे. मातीचा किल्ला तरी कोणाचा होता? ज्यांना वाडा होता, अंगण होते आणि दिवाळीची सुट्टी होती, त्यांचाच ना? हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. गावकुसाबाहेरच्या मुलाला वाड्यातील किल्ल्याला हात लावण्याची मुभा सगळीकडे नव्हती. तो माती आणून देई आणि दुरून पाही. मुलगे किल्ला करीत आणि मुलींच्या वाट्याला भातुकली येई. म्हणून जुना किल्ला जसाच्या तसा परत आणा, अशी मागणी कोणी पुरोगामी माणूस करणार नाही. पण ज्या दोषाचे निवारण दार उघडून होते, त्यासाठी घरच विकावयाचे काय? माती सर्वांची होऊ शकते. खोके ज्याच्याकडे पैसे त्याचेच राहते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. दिवाळीच्या सुमारास गाळपाचा हंगाम सुरू होतो, आणि बीड, आष्टी, पाथर्डीकडील ऊसतोड मजुरांचे तांडे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा कोयता पहाटेच्या थंडीत फडात शिरतो, आणि मूल कोपीपाशी धाकट्या भावंडाला सांभाळीत बसते. अशा बापाने बाजाराच्या दिवशी मुलासाठी प्लास्टिकचा एखादा स्वस्त किल्ला घेतला, तर त्याला उपदेश करण्याचा अधिकार कोणाला आहे? कोणालाच नाही. त्या बापाच्या हातातील खेळण्याची थट्टा करणारा समाजवादी नसून सुखवस्तू आहे. टीका त्या बापावर नाहीच. ज्या व्यवस्थेने त्याच्या मुलाची शाळा, अंगण आणि सवंगडी हिरावून घेतले आणि बदल्यात एक खोके त्याला विकले, त्या व्यवस्थेवर ती आहे. कोपीसमोर मातीला तोटा नाही. तोटा आहे तो मोकळ्या वेळेचा, आणि मोठ्या माणसाच्या सोबतीचा.

तिसरा आक्षेप असा की मूल कोणत्याही वस्तूचे काहीही करते. प्लास्टिकच्या किल्ल्यातही ते गोठा करील, राजाला शेतकरी करील. करील, नक्कीच करील. मुलाची कल्पकता कारखानदाराहून बलवान आहे, म्हणून तर ती आजवर टिकून राहिली. पण बैल लंगडा असूनही मालकाच्या धाकाने चालतो, एवढ्यावरून त्याची चाल चांगली ठरत नाही. मूल त्या वस्तूच्या विरुद्ध जाऊन जे करते, त्याचे श्रेय त्या वस्तूला कसे द्यावे?

मग करावे काय? उपाय फार खर्चाचे नाहीत. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा परदेशी शिक्षणसाहित्याची महागडी खोकी बाजूला ठेवून बिया, शिंपले, पाने आणि माती यांतून साहित्य उभे केले. पुण्याच्या आयुकामधील विज्ञान केंद्रातून अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी लक्षावधी मुलांपर्यंत पोहोचवली. वाट मळलेली आहे. तिच्यावरून चालण्याची इच्छा हवी.

काष्टीसारख्या मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीने दिवाळीआधी वस्तीवस्तीवर दोन-दोन ट्रॉली माती आणि एक मोकळी जागा द्यावी. तो किल्ला आळीचा असावा, घराचा नसावा. त्याच्या बुरुजावर मुलींचा हात मुलांइतकाच असावा. कारखान्याच्या तळावर ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी जेथे साखरशाळा किंवा पाळणाघर असेल तेथे, आणि नसेल तर ते सुरू करवून, हा किल्ला उभा राहावा. आणि गावची मुले त्यात सामील व्हावीत. चित्रे गावच्या कुंभाराकडून घ्यावीत आणि त्याला रास्त दाम मोजावे. शाळांनी मुलांना एकदा पेडगावी नेऊन तटाबरोबर मोटही दाखवावी. उत्कृष्ट किल्ल्याला बक्षीस देणाऱ्या मंडळांनी उंची आणि रोषणाई यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट तपासावी: घेऱ्यात कोण कोण आहे? पाणी भरणारी आहे काय? नांगर आहे काय? कोयता हाती घेतलेली बाई आहे काय? कारण या तालुक्याच्या आजच्या वैभवाचा गड तिच्याच खांद्यावर उभा आहे, आणि कोणत्याही तयार खोक्यात तिची मूर्ती मिळत नाही. ती मुलांनाच मातीतून घडवावी लागेल.

आणि ज्याला खेळणे विकतच घ्यावयाचे आहे, त्याने ते खुशाल घ्यावे. मात्र पैसे मोजण्यापूर्वी शनिवारच्या बाजारातली रीत सोडू नये. दात पाहावेत, म्हणजे हे कोणाच्या कष्टातून आले ते विचारावे. खूर पाहावेत, म्हणजे हे किती दिवस टिकेल आणि पुढे किती खोकी मागेल याचा हिशेब करावा. आणि चाल पाहावी, म्हणजे हे घरी आल्यावर मुलाचे हात चालतील की केवळ त्याचे डोळे, हे ठरवावे. एवढ्या परीक्षेत जे खेळणे उतरेल ते घरात यावे. जे उतरणार नाही ते, रंग कितीही झळाळो, हेड्याच्या दावणीलाच सोडून द्यावे.